आयएल६आर बदल आणि लकव्याचा धोका: रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न (संत्रानगरी): घरात लकव्याचा इतिहास आहे. डीएनए रिपोर्टमध्ये आयएल६आर या जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘अ‍ॅस्प३५८अ‍ॅला’ बदल दाखवला आहे. रोगप्रतिकारशक्तीत बिघाड आणि म्हणून धोका जास्त, असं समजायचं का? एचएस-सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी बारीक तपासणी) १४ मिलिग्रॅम/लिटर आला आहे.

लॅबमधून: उलट आहे. आयएल-६ म्हणजे सूज चेतवणारा निरोप. या बदलामुळे तो निरोप स्वीकारणारे रिसेप्टर पेशीवरून तुटून रक्तात सुटतात, पेशीपर्यंत निरोप कमी पोहोचतो आणि सीआरपी कमी राहतो. २०१२ च्या मोठ्या अभ्यासांत अशा लोकांत हृदयविकारही थोडा कमीच दिसला.

मग १४ कुठून? १० च्या वरचा आकडा बहुतेक वेळा ताज्या संसर्गाचा असतो: सर्दी-ताप, हिरडीतला पू, लघवीचा संसर्ग. त्यावरून लकव्याचा अंदाज बांधू नका. बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

मेडिकल चौक: एक भर घालतो. सीआरपी स्वतः दोषी नाही. तो जन्मतः वाढवणारे जनुकबदल असलेल्यांत हृदयविकार वा लकवा वाढलेला आढळला नाही. म्हणून आकडा उतरवण्यासाठी गोळ्या घेऊ नका. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत १०,०६१ हृदयरुग्ण होते. कॅनाकिनुमॅब हे सूज रोखणारं इंजेक्शन १५० मिलिग्रॅम दर तीन महिन्यांनी दिल्यावर हृदयविकार, लकवा व हृदयमृत्यू मिळून १५ टक्के घटले, पण नुसता लकवा ठळकपणे घटला नाही आणि जीवघेणे संसर्ग वाढले. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

विदर्भकर: जनुकांचाच विचार करायचा तर आपल्याकडे विदर्भात आधी सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तदोष) बघा. सोल्युबिलिटी टेस्ट या प्राथमिक रक्ततपासणीतून फक्त सिकल आहे-नाही कळतं. एएस (एकाच प्रतीत दोष, नुसता वाहक) की एसएस (दोन्ही प्रतींत दोष, आजार) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासण्याच सांगतात. एसएस असलेल्या २ ते १६ वर्षांच्या मुलांची दरवर्षी डोक्याची डॉपलर सोनोग्राफी करा. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा जास्त निघाला तर नियमित रक्त देऊन लकवा टाळता येतो.

मोठ्यांसाठी बीपी. अर्धा तास आधी चहा-खर्रा नको, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पट्टा छातीच्या उंचीवर, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर डॉक्टरकडे जा.

संत्रानगरी: सीआरपीसाठी उपाशी जायचं का?

लॅबमधून: गरज नाही. फक्त ‘एचएस’ लिहून मागा, साध्या सीआरपीत १ ते ३ मधला फरक नीट कळत नाही.