मदत हवी आहे: संत्र्याच्या सालीची पूड अंगी लागते का?

नमस्कार मंडळी, आईच्या (वय 64) पायाच्या शिरा फुगल्यात, व्हेरिकोज व्हेन्स, डॉक्टरांनी गोळी दिलीये, पाकिटावर डायोसमिन 450 मिग्रॅ आणि हेस्पेरिडिन 50 मिग्रॅ असं लिहिलंय. आमच्या हुशार भाच्याने तिला मोबाईलवर दाखवलं की हेस्पेरिडिन संत्र्याच्या सालीत असतं, झालं! आम्ही काटोलकडचे, घरची झाडं, आंबिया बहाराची संत्री सोलून सालींचा ढीग पडलेलाच होता, तो गच्चीवर वाळवला, मिक्सरमधून काढला आणि आता म्हणते गोळ्यांवर पैसे कशाला घालू, इतकी वर्षं उटण्यात घातली आता पोटात घालते. रोज सकाळी एक चमचा कोमट पाण्यात. पूड विरघळतच नाही, तळाशी बसते, ती ढवळून ढवळून गिळते नि तोंड वाकडं करते.

तर त्यातलं काही रक्तात जातं का, की आलं तसं बाहेर? बीपीची अ‍ॅमलोडिपिनही चालू आहे. "नैसर्गिक आहे, घेऊ द्या" असे प्रतिसाद प्लीज नकोत, ते घरात भरपूर मिळतायत.

प्रतिसाद 1
दादा, मी औषध कंपनीत क्वालिटीला होते म्हणून लिहिते. काकू अर्ध्या बरोबर आहेत, हेस्पेरिडिन सालीतून, त्यातही पांढऱ्या भागातून काढतात आणि डायोसमिनसुद्धा बहुतेक त्याच्यापासूनच बनवतात. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुमचा ग्लासचा तळ तेच सांगतोय (अर्थात त्यात सालीचा चोथाही आहे). शिवाय त्याला दोन साखरा चिकटलेल्या असतात, ऱ्हॅम्नोज आणि ग्लुकोज, ही जोडी लहान आतड्यात तुटत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया तोडतात तेव्हा कुठे हेस्पेरेटिन (म्हणजे साखरा निघाल्यावर उरलेलं हेस्पेरिडिन) सुटं होऊन आत शोषलं जातं. म्हणून संत्र्याचा रस प्यायल्यावरसुद्धा रक्तात ते सगळ्यात जास्त दिसतं ते 5 ते 7 तासांनी. आणि ज्याचे बॅक्टेरिया जसे तसं प्रमाण, एकाला भरपूर एकाला नावापुरतं. वर आतड्याची भिंत आणि लिव्हर त्याचं रूप बदलून लघवीवाटे काढायच्या मागे लागतात ते वेगळंच.

म्हणून तर यातल्या बऱ्याच गोळ्यांमधे कण दळून साधारण 2 मायक्रॉनपर्यंत बारीक केलेले असतात, तसे जास्त शोषले जातात. आपल्या मिक्सरच्या बापाच्याने ते होणार नाही! शिवाय चमच्यात किती मिग्रॅ आहे कोणाला माहीत? डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवू नका.

प्रतिसाद 2
सालीवर फवारणी काय काय झाली ते आधी बघा. बीपीच्या काही गोळ्यांशी भांडण ग्रेपफ्रूट, पपनस यांचं असतं, आपल्या संत्र्याचं तसं नसतं, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. सालीत नोबिलेटिन म्हणूनही एक असतं, त्याला साखर चिकटलेली नसते, ते तेलातुपात विरघळतं त्यामुळे शोषलं जायला सोपं. पण तुमच्या गोळीत ते नाही, म्हणजे तिच्या जागी चालणार नाही.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, गोळी चालू ठेवते म्हणाली. पण तेलाचं ऐकल्यापासून सालीचं लोणचं घालायचं म्हणून बसलीये, कडूपणा कसा काढायचा कोणी सांगेल का?