दशावतार की छावा, तुम्हाला कुठला आवडला?

मालवणकर:
मंडळी, २०२५ चे हे दोन्ही पिक्चर बघितले आणि मला दशावतार जास्त भिडला. दिलीप प्रभावळकर वयाची ८० ओलांडून तो बाबुली मेस्त्री असा काही उभा करतात ना, तोंडाला रंग लावल्यावर नुसते डोळे बोलतात त्यांचे, मला भरूनच आलं. मध्यंतरानंतर जरा लांबला का पण?

देवगडवाला:
लांबला असं नाही म्हणणार, पण देवळासमोरचा दशावताराचा खेळ (आपलं कोकणातलं लोकनाट्य), पेटी, पखवाज, झांज हे जे घरचं वाटत होतं ते मागे पडतं आणि सूडाची गोष्ट सुरू होते, तिथे माझा हिरमोड झाला. खाणीचा विषय घेतला हे मात्र फार बरं केलं, सिंधुदुर्गातल्या कळणे गावाच्या बाजूला लोकांनी लोखंडाची खाण बघितलीय.

संगमेश्वरची:
माझं मत छावाला. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये आमच्या संगमेश्वरच्या कसब्यातच पकडलं, त्यामुळे शेवटचा भाग बघताना बसवत नव्हतं. विकी कौशलने जीव ओतलाय. पण पार्श्वसंगीत इतकं चढं की काही वाक्यं कळतच नाहीत, आणि शास्त्री नदीकाठचा आपला हिरवा, दमट मुलूख पडद्यावर ओळखीचा वाटला नाही, याचं वाईट वाटतं.

मालवणकर:
ताई, संगीताबद्दल अगदी पटलं. देवगडवाले दादा, सूडाचं मला खटकलं नाय, गावाची राखण करणारा देव, राखणदार, चिडणारच ना. आयेक घेऊन दशावतार परत बघूक जातलंय.