मदत हवी आहे: ‘नॉन हो सोन्नो’ची मराठी सबटायटल्स, आधार इटालियन ट्रॅकचा की इंग्रजीचा?

दारिओ आर्जेंतोच्या ‘नॉन हो सोन्नो’ (२००१) या जाल्लोची (इटालियन खून-रहस्याचा थरारपट) मराठी सबटायटल्स करतो आहे. टायमिंगचा प्रश्न सुटलाय: हाताशी असलेली इंग्रजी एसआरटी (सबटायटलची फाइल) सेकंदाला २५ फ्रेमच्या डीव्हीडीची, व्हिडिओ २३.९७६ चा, त्यामुळे तासाला जवळजवळ अडीच मिनिटं ओळी आधी येत होत्या. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलला (वेळ गुणिले १.०४२७), आता पहिली आणि शेवटची ओळ दोन्ही जुळतात. म्हणजे चित्रपटाची आवृत्तीही (कट) तीच आहे.

अडलंय ते बालगीतापाशी. १९८३ साली तूरिनमध्ये झालेले खून १७ वर्षांनी पुन्हा सुरू होतात आणि त्यांचा क्रम त्या गाण्यातल्या प्राण्यांवरून ठरतो. प्रेतांपाशी कागदी प्राणी सापडतात. त्यामुळे यमकासाठी प्राणी किंवा मारण्याची रीत बदलली तर मोरेत्ती या डिटेक्टिव्हचा (माक्स फॉन सिडोची भूमिका) सगळा तपासच कोसळतो. माझी एसआरटी इंग्रजी ट्रॅकवर बेतलेली आहे आणि माक्स फॉन सिडोचा स्वतःचा आवाजही तिथेच आहे, म्हणून संवादांसाठी मी तोच धरलाय. गाण्यासाठी मात्र मूळ इटालियन हवं. ऐकून उतरवण्याइतकं इटालियन मला येत नाही आणि सॉफ्टवेअरकडून आवाजाचा मजकूर करून पाहिला तर गॉब्लिन या बँडच्या संगीताखाली शब्द बुडतात.

फाइल किंवा लिंक नकोय. खुनी कोण तेही कृपया लिहू नका, इथे अनेकांनी पाहिलेला नाही.

इटालियन जाणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: प्रत्येक कडव्यात कोणता प्राणी, तो कसा मरतो, आणि इंग्रजी ट्रॅकमध्ये यातलं नेमकं कुठे बदललंय?