पीटर लॅम्पल यांचे शैक्षणिक दान: हुशार मुलांना वर काढावे की शाळाच सुधाराव्यात?

चर्चाप्रस्ताव

सटन कंपनी काढून कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत पैसा मिळवलेले पीटर लॅम्पल अमेरिकेतून इंग्लंडला परतले, तेव्हा ज्या रायगेट ग्रामर स्कूलमध्ये ते विनाशुल्क शिकले होते, ती शाळा फी घेणारी खाजगी शाळा झालेली होती. सामान्य घरातून ऑक्सफर्डला पोहोचण्याची जुनी वाट अशी बंद झालेली पाहून त्यांनी १९९७ मध्ये सटन ट्रस्ट स्थापन केला आणि सरकारी शाळांतील मुलांसाठी ऑक्सफर्डमध्ये उन्हाळी वर्ग सुरू केले. पुढे २००० ते २००७ या काळात लिव्हरपूलच्या बेल्व्हेडिअर या मुलींच्या खाजगी शाळेत सर्व प्रवेश गुणवत्तेवर आणि फी कुटुंबाच्या ऐपतीनुसार, अशी योजना त्यांनी राबवली. माझ्या मते शिक्षणासाठी दिलेल्या पैशाचा याहून नेमका उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

प्रतिसाद १

असहमत. परीक्षा घेऊन हुशार मुली निवडायच्या आणि त्यांना खाजगी शाळेत न्यायचे, यात ज्या सरकारी शाळेतून त्या जातात तिचे नुकसानच होते. ब्रिटनमध्ये खाजगी शाळांत जेमतेम सात टक्के मुले शिकतात. त्या सातांत गरिबांची थोडी भर घातल्याने उरलेल्या त्र्याण्णवांना काय मिळाले? थॅचर सरकारने १९८० मध्ये खाजगी शाळांतील जागांसाठी सरकारी पैसा देणारी योजना आणली होती. मजूर पक्षाने १९९७ मध्ये ती बंद केली आणि तो पैसा पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गांतील पटसंख्या तीसवर आणण्याकडे वळवला. मला तोच मार्ग न्याय्य वाटतो.

प्रतिसाद २

न्याय्य असेल, परिणामकारक आहे का? लॅम्पल यांच्याच पुढाकाराने २०११ मध्ये स्थापन झालेल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने जमवलेले संशोधन सांगते की, पटसंख्या थोडीफार कमी करणे हा फार खर्चाचा आणि अल्प लाभाचा उपाय आहे; उलट मुलाला त्याच्या कामावर नेमका अभिप्राय देणे स्वस्तही आहे आणि अधिक उपयोगीही. ही संस्था सरकारी शाळांतील उपक्रमांची चाचणी घेते, त्यासाठी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे शाळांचे दोन गट पाडते आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करते. प्राथमिक शाळांत बुद्धिबळ शिकवल्याने गणित सुधारते, हा लोकप्रिय समज अशाच चाचणीत टिकला नाही. (आपल्याकडच्या बुद्धिबळ वर्गांच्या जाहिरातदारांनी हे मनावर घेऊ नये.) तेव्हा लॅम्पल यांना केवळ मूठभरांचे कैवारी म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद ३

संस्थेचे काम मला मान्य आहे, परंतु तिचे श्रेय ‘दाना’ला देताना एक गोष्ट निसटते: तिचे मूळ भांडवल, १२ कोटी ५० लाख पौंड, ब्रिटिश शिक्षण खात्याने दिले. म्हणजे करदात्यांचा पैसा कोणत्या प्रयोगांवर लावायचा, हे निवडून न आलेले विश्वस्त ठरवतात. बेल्व्हेडिअरची योजनाही कोणत्याच सरकारने देशभर उचलली नाही आणि २००७ मध्ये ती शाळा स्वतःच सरकारी निधीवर चालणारी अकादमी झाली.

प्रस्तावकर्त्याचे उत्तर

मंत्री बदलला की धोरण बदलते. दहा वर्षे चालणारे प्रयोग त्यांच्या हाती देणे धोक्याचे आहे, म्हणून विश्वस्तांकडे पैसा असणे मला खटकत नाही. बेल्व्हेडिअर अकादमी झाली याचा अर्थ ती योजना फसली असा नव्हे. ती चालवण्यासाठी दरवर्षी पैसा लागत होता आणि देशभर तो पुरवणे एका धनिकाच्या आवाक्यातले नव्हते.