तेरा वर्षांच्या मुलीला सॉफ्टबॉलची बॅट किती वजनाची घ्यावी?

वैशाली_जळगाव:
मुलगी आठवीत, शाळेच्या १४ वर्षांखालील संघात आहे. उंची ४ फूट ९ इंच, वजन ३६ किलो, अंगाने काडी. शाळेच्या किटमध्ये दोनच बॅटी, त्याही मोठ्या मुलींच्या. त्यांच्यावर ३३/२८ लिहिलंय. आता तिला स्वतःची हवी आहे. दुकानदार म्हणतो, "जडच घ्या, बॉल लांब जातो, दोन-तीन वर्षं पुरेल." तिचे बाबा क्रिकेटवाले, तेही त्याचीच री ओढतात. काय करू?

निवृत्त_पीटी:
ताई, दुकानदाराला बॅट विकायची आहे, फिरवायची नाही. ३३ म्हणजे इंच, २८ म्हणजे औंस, जवळपास ८०० ग्रॅम. हातात घेतल्यावर फार वाटत नाही, पण ते वजन अंगापासून लांब गरकन फिरवायचं असतं. बॅट जड असली तरी वेळेत फिरली नाही तर काय उपयोग? नियमात ३४ इंच आणि ३८ औंसांपर्यंत चालते, म्हणून मुलीला झेपतेच असं नाही.

तिला २९-३० इंची, १९-२० औंसांची बघा; साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. पण माझा आकडाही डोळे मिटून घेऊ नका, तिला दुकानात न्या. उजव्या हाताने खेळत असेल तर डाव्या हातात नॉबजवळ (मुठीच्या टोकाच्या गोळ्याजवळ) धरून, हात बाजूला खांद्याच्या रेषेत ताठ ठेवायला सांगा. मनात वीस-पंचवीस मोजा. त्याआधीच हात थरथरला किंवा खाली आला, तर ती बॅट परत ठेवा.

आणि सरावात एक बघा: तिचे फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, कुठे जातात?

वैशाली_जळगाव:
आज मुद्दाम ग्राउंडवर थांबले. सर, जवळजवळ सगळे फर्स्ट बेसच्या, म्हणजे तिच्या बॅटिंगच्या जागेवरून मैदानाकडे बघताना उजव्या बाजूला!

निवृत्त_पीटी:
मग झालं. उजव्या हाताच्या मुलीची बॅट उशिरा येते तेव्हाच असं होतं. तिच्या बाबांना सांगा, क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. इथे महिलांच्या सामन्यात पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, ४३ फुटांवर उभी असते. शिवाय बॉल सोडून द्यायची चैन नाही, तीन स्ट्राइक (चुकलेले किंवा सोडलेले चांगले बॉल) झाले की बाहेर.

थर्डबेस_अमरावती:
सरांशी बऱ्यापैकी सहमत, पण अगदी खेळण्यासारखी हलकीही नको. मी १९ वर्षांखालील खेळले आहे. वेगवान पिचरसमोर फार हलक्या बॅटने बॉल नीट लागला तरी इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसांजवळच्या आतल्या भागातच मरतो. तीस मोजून झाल्यावरही हात मजेत असेल तर एक-दोन औंस वाढवून बघा.

अजून एक, ताई: बेसबॉलची बॅट गळ्यात मारून घेऊ नका. सॉफ्टबॉलच्या बॅटचं बॅरल (फटका मारायचा जाड भाग) सव्वादोन इंचांपेक्षा जाड नसतं. जाड असेल तर अंपायर बाजूला काढून ठेवतील.

निवृत्त_पीटी:
बरोबर. आणि नवी येईपर्यंत शाळेचीच बॅट नॉबपासून तीन बोटं वर धरायला सांगा. वजन तेवढंच राहतं, पण फिरवायला हलकी जाते. मुली लाजतात असं धरायला, बंट करणार, म्हणजे बॉल नुसता हळूच टेकवणार असं वाटतं म्हणे. लाजू दे.