मदत हवी आहे: टपाली मतदानाच्या मराठी पत्रकासाठी

४ नोव्हेंबर २०२५ ला न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक झाली. तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या सलग दोन मुदती झाल्या होत्या, त्यामुळे ते उभे राहू शकले नाहीत. तिथल्या एडिसनमधल्या ज्येष्ठ मराठी मतदारांसाठी टपाली मतदानाचं पत्रक करतोय.

घोळ होतो तो मतपत्रिका घालायच्या आतल्या पाकिटापाशी. त्याला जोडलेली प्रमाणपत्राची पट्टी (मतदाराने नाव-पत्ता लिहून सही करायची ती) लोक फाडून टाकतात, नाहीतर तिच्यावरची सही मतदार नोंदणीच्या सहीशी जुळत नाही. पट्टी अजिबात काढायची नाही. नोंदणीला सही मराठीत केली असेल, तर इथेही मराठीतच करायची. मग आतलं पाकीट चिकटवून बाहेरच्या पाकिटात घालायचं. ड्रॉप बॉक्स (पाकीट टाकायची पेटी) मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंतच.

त्या पट्टीला आजी-आजोबांना चटकन कळेल असा मराठी शब्द सुचवाल का? कोऱ्या पाकिटाचा, नाव-पत्ता झाकलेला फोटोही हवा आहे.