मदत हवी आहे: जुना टॉवर ठेवू की नवा छोटा डेस्कटॉप घेऊ?

जुना टॉवर: चौथ्या पिढीचा आय-५, एच८१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम. विंडोज १० सॅटा एसएसडीवर (सॅटा म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत), शिवाय १ टीबीची हार्ड डिस्क, काठोकाठ भरलेली. काम फोटो आणि व्हिडिओ एडिटिंगचं, गेम्स अजिबात नाहीत.

स्टोरेज वाढवायला हाच सोयीचा, दोन सॅटा पोर्ट आणि डिस्कचे कप्पे रिकामे आहेत. पीसीआयई स्लॉटमध्ये (जादा कार्ड लावायची जागा) अडॅप्टर घालून त्यावर एनव्हीएमई, म्हणजे सॅटापेक्षा वेगवान एसएसडी, लावून पाहिली. विंडोजमध्ये दिसते, पण बायोसच्या (पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बूट यादीत येत नाही, म्हणजे तिच्यावरून विंडोज सुरू करता येत नाही. बायोस शेवटच्या आवृत्तीपर्यंत अपडेट केलाय. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) चालवायचा खटाटोप नको. खरी अडचण वेगळीच: विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, विंडोज ११ हा प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, आणि माझं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही.

नव्यात विंडोज ११ आहे, वेगही आहे. पण आत एकच एम.२ स्लॉट (एनव्हीएमई लावायची जागा), साडेतीन इंची डिस्कला जागाच नाही. (छोटं करायच्या नादात सगळं काढून टाकतात!)

बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे, त्याची काळजी नाही. नवा घेतला तर ४ टीबीची डिस्क यूएसबी ३ एन्क्लोजरमध्ये (डिस्क ठेवायचा बाहेरचा डबा) कायम जोडून त्यावरच एडिटिंग केलेलं चालतं का, की मध्येच डिस्कनेक्ट होते? की जुना टॉवर फक्त फाइल्ससाठी नेटवर्कवर ठेवावा?